हरणाच्या वाटेवरचा कॅमेरा

(नभोवाणीवरील भाषण)



हरणाच्या शिकारींत बंदुकीचें काम क्षणाचें असतें आणि वाट पाहण्याचें काम रात्रभराचें असतें. सांबर पाणवठ्यावर कोणत्या वाटेनें उतरतें, कोणत्या प्रहरीं उतरतें, वारा कोणीकडून वाहूं लागला म्हणजे तें पाण्याला तोंड न लावतां माघारें फिरतें, हें ज्याला ठाऊक असेल त्याच्या हातीं सावज लागतें. बाकीचे माचाणावर डास मारीत बसतात. हें ज्ञान पूर्वीं रानांत वाढलेल्या माणसापाशींच मिळे. ओल्या मातींतील खुरांचे ठसे पाहून जनावर केव्हां गेलें, एकटें होतें कीं कळपानें होतें, हें सांगणारा कातकरी किंवा ठाकूर बरोबर असल्यावांचून साहेबाची किंवा संस्थानिकाची शिकार पुरी होत नसे.

आज हें ज्ञान देण्याचें काम एक लहानशी पेटी करूं पाहत आहे. ती झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानें बांधावयाची आणि आपण घरीं निघून यावयाचें. समोरून जनावर गेलें कीं पेटी आपोआप त्याचें छायाचित्र घेते आणि त्यावर दिवस व वेळ नोंदवून ठेवते. अमेरिकेंतील हरणाच्या शिकाऱ्यांत ही पेटी आतां इतकी रूढ झाली आहे कीं, ‘ही घेण्याजोगी आहे काय?’ हा तेथें नित्याचा वादाचा विषय झाला आहे. आपल्याकडे हा प्रश्न त्या स्वरूपांत उद्भवत नाहीं, कारण हरणाची शिकार आपल्या कायद्यानें बंद आहे. पेटी मात्र आपल्याकडेहि आली आहे. ऐरोलीच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे जे येऊरचे डोंगर दिसतात, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहेत. आणि त्या उद्यानाच्या वाटांवर अशा पेट्या बांधून रानांतल्या जनावरांची नोंद घेण्यांत आली आहे. तेव्हां शिकाऱ्याचा तो प्रश्न आज आपणहि विचारून पाहूं. या पेटीपासून मिळतें काय, त्यासाठीं मोजावें लागतें काय, आणि हरणाच्या बाबतींत तिच्यावर भरंवसा कितपत ठेवावा?

प्रथम यंत्राची रचना थोडक्यांत सांगतों. प्रत्येक उष्ण शरीरांतून डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडत असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. पेटीच्या दर्शनी भागांत या किरणांचा वेध घेणारा एक कृत्रिम डोळा बसविलेला असतो. भोंवतालच्या झाडाझुडपांहून निराळ्या उष्णतेची वस्तु त्याच्यासमोरून हलली कीं त्याला फरक जाणवतो, आणि तत्क्षणीं कॅमेऱ्याची कळ आपोआप दाबली जाते. रात्रीं उजेडासाठीं बहुतेक पेट्यांत अवरक्त दिवेच वापरतात, त्यामुळें जनावर सहसा दचकून पळत नाहीं. चित्रें मेमरी कार्डावर सांठत जातात. कांहीं पेट्या तर दूरध्वनीच्या जाळ्यांतून तें चित्र तत्काळ धन्याच्या खिशांतील फोनवर पाठवून देतात.

ज्या गुणावर हें यंत्र चालतें, त्यांतच त्याचा दोषहि आहे. वैशाखांतल्या दुपारीं दगड-माती तापून जनावराच्या अंगाइतकी गरम झाली म्हणजे त्या कृत्रिम डोळ्याला जनावर आणि जमीन यांतला भेद नीट कळत नाहीं. उलट, उन्हांत तापलेलें गवत वाऱ्यानें डोलूं लागलें, तर त्या गवताचींच शेंकडों चित्रें निघतात. कोंकणचा पाऊस तर कोणत्याहि यंत्राचा वैरीच. पेटींत पाणी शिरतें, कांच धुरकट होते, मुंग्या आंत वारूळ करतात, आणि वानराच्या हातीं पेटी लागली तर तिचें काय होईल हें सांगावयास नकोच.

ही कल्पना मात्र आजची नव्हे. पेनसिल्व्हानियांतील जॉर्ज शायरस नांवाचा एक वकील तरुणपणीं हरणांचा शिकारी होता. त्या काळीं तिकडे शिकारीची एक रीत होती. रात्रीं होडींत दिवा ठेवून तळ्याच्या कडेकडेनें हळूच जावयाचें, पाण्यावर आलेल्या हरणाचे डोळे उजेडांत चमकले कीं त्या रोखानें गोळी झाडावयाची. शायरसनें होडी ठेवली, दिवा ठेवला, आणि बंदुकीच्या जागीं कॅमेरा बसविला. पुढें त्यानें वाटेवर दोरी ताणून, जनावराच्याच धक्क्यानें चित्र निघावें अशीहि योजना केली. १९०६ सालच्या जुलै महिन्यांत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें त्याचीं ७४ चित्रें प्रसिद्ध केलीं. आपल्या देशांत संयुक्त प्रांताच्या वनखात्यांतील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅंपियन यांनीं तीच युक्ति वाघावर योजिली. रानवाटेवर बारीक तार, तारेला जोडलेला कॅमेरा, आणि क्षणभर पेटून विझणारा दिवा, एवढ्या साहित्यावर त्यांनीं वाघांचीं रात्रींचीं चित्रें मिळविलीं व १९२७ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. या दोघांनींहि कॅमेरा घेतला तो बंदुकीच्या ऐवजीं घेतला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें तोच कॅमेरा बंदुकीचा मदतनीस होऊन परत आला.

आतां शिकाऱ्याचा जमाखर्च पाहूं. आठवड्याचे पांच-सहा दिवस कचेरींत घालविणाऱ्या अमेरिकन गृहस्थाला शिकारीस दोनच दिवस मिळतात. ते दोन दिवस रिकाम्या रानांत बसून फुकट जाऊं नयेत, म्हणून तो वाटेवर पेट्या बांधतो. कोणता नर या भागांत वावरतो, त्याच्या शिंगांना किती फांटे आहेत, तो लहान असल्यामुळें यंदा सोडून द्यावा काय, हें त्याला घरबसल्या कळतें. ही जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू अशी कीं, चित्र नेहमीं झालेल्या गोष्टीचें असतें. मंगळवारीं पहांटे या वाटेनें गेलेलें हरीण शनिवारीं याच वाटेनें जाईल, असा करार त्यानें कोणाशीं केलेला नसतो. शिवाय कार्ड बदलण्यासाठीं शिकारी वरचेवर तेथें जाऊं लागला कीं त्याचा वास वाटेवर राहतो, आणि शहाणें हरीण ती वाट सोडून देतें. पाळत ठेवण्याच्या नादांत पाळत ठेवण्याजोगें कांहीं उरत नाहीं, असा अनुभव तिकडील शिकारी स्वतःच सांगतात.

तत्काळ चित्र धाडणाऱ्या पेटीनें ही अडचण दूर केली. पण तिच्यामुळें दुसरी अधिक मोठी अडचण उभी राहिली. हरीण या घटकेला कोठें उभें आहे हें घरांत बसून कळूं लागल्यावर मग शिकार ती कसली? थिओडोर रूझवेल्ट यांनीं १८८७ सालीं स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाचा दंडकच आहे कीं, सावजाला निसटून जाण्याची न्याय्य संधि असली पाहिजे. आणि अशा तत्काळ खबर देणाऱ्या यंत्राच्या साह्यानें मारलेलें जनावर तो क्लब आपल्या नोंदवहींत घेत नाहीं. ॲरिझोना हें तर वाळवंटी संस्थान. तेथें पाणवठे मोजके, आणि एकेका पाणवठ्याभोंवतीं अनेक शिकाऱ्यांच्या पेट्या. त्या पाहण्यासाठीं माणसांची ये-जा इतकी वाढली कीं तहानलेल्या जनावरांना पाण्यावर येणें अवघड होईल अशी तक्रार झाली. अखेर १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामीं अशा कॅमेऱ्यांचा उपयोग करण्यास तेथें बंदी करण्यांत आली. नेव्हाडा व यूटा येथेंहि शिकारीच्या हंगामापुरते निर्बंध घालण्यांत आले आहेत. म्हणजे ज्या देशांत हरणाची शिकार हा लक्षावधि लोकांचा सनदशीर छंद आहे, तेथेंहि शिकाऱ्यांच्या एका मोठ्या वर्गाला ही पेटी उपयुक्त असूनहि अति उपयुक्त वाटली.

आपल्याकडे वळूं. आपल्या राज्यांतहि एके काळीं परवान्यानें शिकार होत असे; १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा अशा परवान्यांचें नियमन करी. १९७२ सालीं वन्य जीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यांत आरंभीं कांहीं जनावरांसाठीं परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनें तीहि गेली. आज अभयारण्यांत किंवा राष्ट्रीय उद्यानांत शिकार करणारास किमान तीन वर्षांची कैद सांगितली आहे. शिकारीच्या रानांचीं अभयारण्यें झालीं. रायगड जिल्ह्यांतील फणसाडचें रान जंजिऱ्याच्या नबाबांचें राखीव शिकारीचें रान होतें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. कोल्हापूरच्या महाराजांचें दाजीपूरचें रानहि त्याच वाटेनें गेलें. जेथें सांबर मारण्यासाठीं हांका घातला जाई, तेथें आज सांबर मोजण्यासाठीं माणसें जातात. तेव्हां आपल्याकडे शिकाऱ्याच्या जागीं गणना करणारा आला आहे, आणि पेटीची उपयुक्तता त्याच्या गरजेनेंच ठरवावयास हवी.

न दिसणारें जनावर मोजावयाचें कसें, हें समजण्यासाठीं घरांतलाच एक प्रयोग सांगतों. डबाभर चिंचोके आहेत. ते सगळे न मोजतां किती आहेत तें सांगावयाचें आहे. त्यांतले तीस काढून प्रत्येकाला चुन्याचा ठिपका लावावा, परत डब्यांत टाकून डबा चांगला हलवावा, आणि पुन्हां तीस काढावे. त्यांत ठिपक्याचे सहा निघाले, तर एकंदर चिंचोक्यांपैकीं पांचवा हिस्सा ठिपक्याचे आहेत असें अनुमान निघतें. ठिपके आपण तीसच लावले होते. म्हणजे डब्यांत दीडशेंच्या आसपास चिंचोके असले पाहिजेत.

बिबट्याच्या अंगावर असे ठिपके निसर्गानेंच लावून ठेवले आहेत. एका बिबट्याची ठिपक्यांची ठेवण दुसऱ्याशीं जुळत नाहीं. वाघाच्या पट्ट्यांचेंहि तसेंच आहे. पहिलें चित्र म्हणजे चुना लावणें, आणि तोच बिबट्या पुन्हां चित्रांत येणें म्हणजे ठिपक्याचा चिंचोका परत हातीं लागणें. उजव्या व डाव्या कुशीवरची ठेवण निराळी असते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन पेट्या बांधतात. डॉ. उल्हास कारंत यांनीं कर्नाटकांतील नागरहोळें येथें ही रीत वाघांना लावून दाखविली व १९९५ सालीं तिचें गणित प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं पंजांच्या ठशांवरून वाघ मोजीत. पण कागदावर वाघ असतां राजस्थानांतील सरिस्काच्या रानांत एकहि वाघ उरला नाहीं हें २००५ सालीं उघडकीस आलें, आणि ठशांवरचा विश्वास उडाला. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावण्यांत आले व सुमारें ३ कोटी ४८ लक्ष चित्रें निघालीं. त्यांत वाघाचीं ७६,६५१ आणि बिबट्याचीं ५१,७७७ होतीं.

आपल्या शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर. तीन बाजूंना शहर. तेथें आणि लगतच्या आरे भागांत २०१५ सालीं याच रीतीनें ३५ बिबटे नोंदले गेले, आणि २०१८ सालीं ४७. पूर्वीं अशा आंकड्यांत तर्काचा भाग मोठा असे. आज प्रत्येक बिबट्याचें चित्र फायलींत असतें, आणि तो पुढील वर्षीं दिसला कीं नाहीं हें ताडून पाहतां येतें. एवढ्यापुरतें बोलावयाचें तर पेटीनें आपली किंमत पुरेपूर वसूल करून दिली आहे.

आतां हरणाकडे येऊं, कारण खरा पेंच तेथेंच आहे. वाघाचीं आणि बिबट्याचीं मिळून जीं चित्रें वर सांगितलीं, तीं त्या साडेतीन कोटींत हजारीं चारांहूनहि कमी भरतात. उरलेल्या राशींत हरणें आहेत, गुरें आहेत, माणसें आहेत. मग हरणांचीं चित्रें एवढीं मिळत असतां हरणें मोजलेलीं कां नाहींत? याचें उत्तर असें कीं, सांबराच्या अंगावर चुन्याचा ठिपका नाहीं. एका पेटींत सांबराच्या मादीचीं शंभर चित्रें निघालीं, तर शंभर माद्या एकेकदां गेल्या कीं एकच मादी शंभरदां गेली, हें तें चित्र सांगूं शकत नाहीं. नर शिंगांवरून ओळखतां येतो. अमेरिकन शिकारी ओळखतो तो तसाच. पण शिंगें दर वर्षीं गळून नवीं येतात, आणि कळपांत संख्या अधिक असते ती शिंगें नसलेल्या माद्यांची व पाडसांची. चितळाच्या अंगावर ठिपके आहेत खरे. तथापि रात्रींच्या अंधुक चित्रांत दाटीनें उभ्या असलेल्या कळपांतील प्रत्येकाचे ठिपके जुळवीत बसणें हें काम कोणाच्याहि चिकाटीची कसोटी पाहणारें आहे.

याहून खोल अशी दुसरी एक अडचण आहे. शिकारी पेटी कोठें बांधतो? जेथें हरणें सर्वांत जास्त येतात तेथें. पाणवठ्यावर, मोहाच्या झाडाखालीं, मिठाच्या चाटणीजवळ. त्याच्या दृष्टीनें तें बरोबरच आहे. पण सबंध रानांत किती हरणें आहेत हें ज्याला ठरवावयाचें आहे, त्यानें अशी निवडक जागा घेतली तर त्याचा हिशेब पार चुकेल. दादरच्या पुलावर उभें राहून सबंध मुंबईच्या वस्तीचा अंदाज करण्यासारखें तें होईल. ओळख न पटणाऱ्या जनावरांचीहि दाटी चित्रांवरून काढण्याचें एक गणित २००८ सालीं विलायतेंतील शास्त्रज्ञांनीं मांडलें. जनावर दिवसांत किती चालतें आणि पेटीची नजर किती टापूंत पोंचते, यांवर तें आधारलेलें आहे. पण त्याची पहिली अट हीच कीं, पेटी हरणाची वाट पाहून बांधतां कामा नये. ती नकाशावर आंधळेपणानें पडलेल्या बिंदूवर बांधली पाहिजे. शिकाऱ्याचें सारें कसब जागा निवडण्यांत असतें, तर गणना करणाऱ्याचें सारें कसब निवड टाळण्यांत.

हाच विचार वैशाखी पौर्णिमेच्या गणनेलाहि लागू पडतो. दर वर्षीं बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं महाराष्ट्रांतील अनेक अभयारण्यांत शहरांतले हौशी लोक पाणवठ्याकांठच्या माचाणावर बसून आलेलीं जनावरें लिहून घेतात. त्या रात्रींचा अनुभव अमोल असतो यांत शंका नाहीं. चांदण्यांत पाण्यावर उतरणारें सांबर ज्यानें पाहिलें, तो रानाच्या बाजूचा कायमचा साक्षीदार होतो. परंतु तेंच जनावर दोनदां येऊन दोनदां लिहिलें जाऊं शकतें, आणि ज्याला दुसरीकडे पाणी मिळालें तें मुळींच लिहिलें जात नाहीं. वनखातेंहि आतां या उपक्रमाला ‘निसर्गानुभव’ असें नांव देतें, तें यथार्थ होय.

मग हरणें मोजावयाचीं कशीं? पायीं चालून. रानांत एक-दोन किलोमीटरांची सरळ रेघ आंखून घेतात. तिच्यावरून पहांटे निःशब्द चालत जावयाचें. हरीण दिसलें कीं तें रेघेपासून किती अंतरावर होतें तें यंत्रानें मोजून टिपावयाचें. जवळचीं बहुतेक दिसतात, लांबचीं थोडीं दिसतात. अंतराबरोबर दिसणें कसें घटत जातें यावरून न दिसलेल्यांचा हिशेब लागतो. तीच रेघ पुनःपुन्हां चालावी लागते. संजय गांधी उद्यानांतील चितळ-सांबरांचा अंदाजहि अशाच चालण्यानें केला गेला आहे. पायपीट आहे, काटे आहेत. पण पेटी माणसाची ही पायपीट अजून पुरती वांचवूं शकलेली नाहीं.

याचा अर्थ हरणाच्या बाबतींत पेटी निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. ‘किती?’ हा प्रश्न सोडून ‘आहे काय?’, ‘केव्हां येतें?’ आणि ‘येथून जातें काय?’ हे तीन प्रश्न विचारा. पेटी त्यांचीं उत्तरें चोख देते. पनवेलजवळचें कर्नाळा १९६८ सालीं पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झालें, पण तेथें भेकरहि राहतें. भेकर म्हणजे कुत्र्यासारखें भुंकणारें, एकटें हिंडणारें, अति बुजरें हरीण. चालत्या माणसाच्या नजरेला तें क्वचितच पडतें; पेटीपुढून मात्र तें निःशंक जाऊं शकतें. आवाज भेकराचा कीं गांवच्या कुत्र्याचा, या वादाचा निकाल एका चित्रानें लागतो. वेळेचेंहि तसेंच. माणसाच्या वावरामुळें जनावरें दिवस टाकून रात्र धरतात, असें सहा खंडांतील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरील निरीक्षणें एकत्र करून २०१८ सालीं दाखविण्यांत आलें. अशा निरीक्षणांना रात्रंदिवस जागा राहणारा हा पहारेकरी फार उपयोगी पडतो.

तिसऱ्या प्रश्नाचें उदाहरण विदर्भांतलें आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या रानांतून जातो. तेथें जनावरांना रस्त्याखालून जातां यावें म्हणून महाराष्ट्राच्या हद्दींत नऊ भुयारी वाटा व पूल बांधण्यांत आले. जनावरें त्या खरोखर वापरतील कीं तो खर्च पाण्यांत जाईल, असा रास्त संशय होता. भारतीय वन्यजीव संस्थेनें २०१९ सालीं तेथें कॅमेरे लावले, आणि १८ जातींचीं वन्य जनावरें त्या वाटांनीं जात असल्याचें चित्रांनिशीं सिद्ध झालें. त्यांत चितळांचे कळप तर वारंवार दिसले. कोणतें चितळ, हें ओळखण्याची तेथें गरजच नव्हती. चितळ गेलें, एवढें पुरे होतें. कर्नाळ्याच्या अभयारण्यांतूनहि मुंबई-गोवा महामार्ग जातो. असे रस्ते रुंद करतांना जनावरांची वाट कोठें राखावी, हें ठरविण्यासाठीं याहून स्वस्त आणि सच्चा साक्षीदार दुसरा नाहीं.

आतां खर्चाच्या बाजूला दोन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत, आणि त्या पैशांत मोजतां येत नाहींत. पहिली माणसांविषयीं. पेटीला उष्ण शरीर कळतें, माणूस कळत नाहीं. रानांतून सरपण आणणाऱ्या बायकांचींहि चित्रें तींत निघतात. उत्तराखंडांतील कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरांतील बायकांना या कॅमेऱ्यांमुळें कसा संकोच होतो, त्या रानांत गाणें-बोलणेंहि कसें सोडून देतात, आणि एका बाईचें खासगी क्षणाचें चित्र लोकांत कसें पसरलें, याचें वर्णन केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२४ सालीं केलें आहे. आपल्या येऊरच्या पाड्यांवरहि वारली कुटुंबें राहतात. त्यांच्या वाटेवर पेटी बांधतांना त्यांना विचारणें, आणि माणसांचीं चित्रें तत्काळ पुसून टाकणें, हें गणनेइतकेंच कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट चोरट्या शिकाऱ्याविषयीं. कायद्यानें शिकार बंद झाली, फासे बंद झाले नाहींत. रानडुकरासाठीं लावलेल्या तारेच्या फाशांत सांबर अडकतें, भेकर अडकतें, बिबट्याहि अडकतो. पेटी कधीं कधीं त्या फासेवाल्याचेंच चित्र देते, हा तिचा मोठा उपकार होय. पण कोणी हौशी गृहस्थ ‘अमुक ओढ्याच्या वळणावर पहांटे पांचला टिपलेलें सांबर’ अशी सविस्तर माहिती चित्राखालीं लिहून ती शेंकडों फोनांवर धाडून देतो, तेव्हां फासेवाल्याला माग काढणाऱ्याचीहि गरज उरत नाहीं. जें ज्ञान मिळवावयास रानांत आयुष्य घालवावें लागे, तें त्याला फुकट घरपोंच होतें. कॅमेऱ्याचा अमेरिकन शिकाऱ्याला जो उपयोग, तोच या चोराला. त्याला मात्र हंगामहि नाहीं आणि नियमहि नाहीं.

नवी मुंबईंत, बेलापूर-खारघरच्या डोंगराकडे खिडक्या असलेल्या घरांत राहणाऱ्या श्रोत्यांना कदाचित् वाटेल कीं, चार हरणें अधिक काय नि उणीं काय, आपला त्यांत संबंध कोठें आला? संबंध बिबट्याच्या द्वारें येतो. उद्यानांतील बिबट्यांचें अन्न चितळ-सांबर हें आहे, तसेंच वस्तीच्या कडेचीं मोकाट कुत्रींहि आहे. रानांतलें ताट रिकामें होत गेलें, तर तो उकिरड्याशेजारच्या कुत्र्यांकडे अधिक वळेल, आणि उकिरडा आपल्या इमारतीच्या मागेंच असतो. बिबट्यांची मोजदाद चोख आणि हरणांची अंधुक राहिली, तर पाहुण्यांची संख्या ठाऊक आणि शिजलेला भात किती तो ठाऊक नाहीं, अशी यजमानासारखी आपली स्थिति होईल.

आणि कॅमेऱ्यांत बिबट्या दिसल्याबरोबर ‘त्याला पकडून दूर नेऊन सोडा’ अशी जी ओरड होते, तिजविषयींहि एक शब्द. जुन्नर भागांत बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडल्यानंतर त्या सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले, असें विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसून आलें. चित्र काल रात्रींचें असलें, तरी ती वाट बिबट्याची कदाचित् कित्येक वर्षांची असेल. चित्रानें धोका निर्माण झालेला नसतो. असलेला शेजार फक्त डोळ्यांना दिसलेला असतो. अशा वेळीं उकिरडा उचलून घ्यावा, संध्याकाळनंतर मुलांना एकटें सोडूं नये, आणि वनखात्याला कळवावें.

तेव्हां शिकाऱ्याच्या मूळ प्रश्नाला माझें उत्तर असें. हरणें किती आहेत हें ज्याला जाणावयाचें आहे, त्यानें पेटीपेक्षां आपल्या पायांवर अधिक भिस्त ठेवावी. हरीण आहे काय, केव्हां येतें आणि कोठून जातें, हें ज्याला जाणावयाचें आहे, त्यानें पेटी अवश्य वापरावी. मात्र राखीव रानांत ती वनखात्याच्या परवानगीशिवाय बांधूं नये. आणि आपल्यापैकीं ज्यांच्या फोनवर असें एखादें चित्र येईल, त्यांनीं तें कौतुकानें पाहावें, मुलांना दाखवावें, आणि पुढें धाडण्यापूर्वीं त्याखालचें जागेचें नांव व वेळ पुसून टाकावी. सांबराला त्या पाणवठ्यावर उद्यांहि उतरावयाचें असतें.